कन्फेशनला जाताना दुसऱ्यांची पापं घरी ठेवून जा (खूप वर्षांनी जाणाऱ्यांसाठी)

लेंट (ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ) सुरू झाला, कपाळावर राख लागली की दोन-तीन जण तरी मला हळूच विचारतात, अगं किती वर्षं कन्फेशनला (फादरसमोर आपली पापं सांगायला) गेलेच नाहीये, आता कसं जायचं, काय बोलायचं, फादर ओरडतील का. मी फादर नाही, सिस्टर नाही, थिऑलॉजी वगैरे शिकलेली नाही. ठाण्यात राहते, तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चला मिस्साला (मुख्य उपासनेला) जाते, मधे काही वर्षं मुलांना कॅटेकिझम (धर्मशिक्षण) शिकवलं, एवढंच. पण मी स्वतः नऊ वर्षं पापनिवेदनाला गेले नव्हते आणि मग गेले, त्यामुळे त्या दारापर्यंतचा रस्ता मला माहितीये, तो सांगते.

नऊ वर्षं का गेले नाही तर काही मोठं पाप लपवायचं होतं म्हणून नाही, उलट मला वाटायचं की माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच, मी कोणाचं काय वाईट केलंय, घर सांभाळते, चर्चला जाते, रोझरी (जपमाळेची प्रार्थना) करते. दुसऱ्यांची यादी विचारली असती तर मात्र अर्धा तास बोलले असते.

मग काय झालं ते सांगते. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ, दर रविवारी सगळ्यात मागच्या बाकावर बसायचे आणि कम्युनियनला (मिस्सातली पवित्र भाकर घ्यायला) कधीच उठायचे नाहीत, बायको मुलगी रांगेत जायच्या, हे बसून. मी हे किती महिने बघितलं आणि एकदा ऑक्टोबरात कोणाकडे तरी रोझरी झाल्यावर चहा पिता पिता म्हटलं की काहीतरी आहे नक्की, लग्नाचा काहीतरी घोळ असणार पहिला, नाहीतर माणूस असा का बसेल. एवढंच बोलले. सहा बायका होत्या. तीन आठवड्यांत ते त्यांच्या मुलीपर्यंत पोचलं, कॅटेकिझमच्या वर्गात दुसऱ्या एका मुलीने तिला सगळ्यांसमोर विचारलं की तुझ्या बाबांचं दुसरं लग्न आहे का. दहा वर्षांची मुलगी. मी तेव्हा त्याच वर्गाच्या दारात उभी होते, हजेरीचं रजिस्टर हातात घेऊन.

त्या रात्री झोप नाही आली आणि त्या शनिवारी मी कन्फेशनला गेले. तर पहिला मुद्दा हाच की जायला मोठं कारण लागत नाही, आणि "माझ्याकडे सांगायला काही नाही" असं वाटत असेल तर आधी जीभ तपासा.

घरची तयारी, हीच खरी मेहनत

फादरसमोर पाच मिनिटं लागतात, घरी मात्र निदान अर्धा तास काढा, फोन बाजूला ठेवून. साधारण दहा आज्ञा समोर ठेवून मन तपासतात, ते कराच, पण मी सांगेन की दोष काढण्याचं पाप वेगळं काढून बघा कारण ते आपल्याला पाप वाटतच नाही. कॅथलिक चर्चच्या कॅटेकिझम या शिकवणुकीच्या ग्रंथात 2477 नंबरच्या परिच्छेदात याचे तीन प्रकार दिलेत आणि मला ते फार कामाचे वाटले. एक, पुरेसा आधार नसताना मनातल्या मनात कोणाची चूक खरी धरणं, म्हणजे तोंडातून एक शब्द निघाला नाही तरी. दोन, कोणाची खरीच चूक असेल पण ज्यांना माहीत नाही त्यांना योग्य कारण नसताना सांगणं. तीन, खोटं बोलून कोणाचं नाव खराब करणं. आपण सगळे तिसऱ्यालाच पाप म्हणतो, "मी काय खोटं बोलले का, खरं तेच सांगितलं" हे आपलं ठरलेलं वाक्य, आणि चर्च म्हणतंय की खरं सांगितलंस तरी ते सांगायचा हक्क तुला कोणी दिला.

आता कागद घ्या, ज्याच्याबद्दल मनात अढी आहे त्याचं नाव लिहा, खाली दोन रकाने करा, एका बाजूला मी डोळ्यांनी काय बघितलं आणि दुसऱ्या बाजूला मी त्यात काय भरलं. माझा कागद असा झाला. बघितलं: माणूस कम्युनियनला उठत नाही. संपलं. बाकी लग्न, घोळ, काहीतरी आहे नक्की, सगळं दुसऱ्या बाजूला. एक ओळ इकडे आणि आठ ओळी तिकडे, ते बघून मला माझीच लाज वाटली. (कागद नंतर फाडून टाका, घरात कोणाच्या हाती नको.)

त्याच्या पुढच्याच 2478 मध्ये संत इग्नेशियसचा एक सल्ला दिलाय, सोळाव्या शतकातला, की चांगल्या ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लावायला तयार असावं, तसा लागत नसेल तर त्यालाच विचारावं की तुला काय म्हणायचंय, आणि तो खरंच चुकत असेल तर प्रेमाने सांगावं. मी हे त्या गृहस्थांवर लावून बघितलं. कम्युनियनला न उठायची किती साधी कारणं असू शकतात, कम्युनियनआधीचा तासाभराचा उपास मोडला असेल, औषध पाणी तर चालतं पण निघताना नाश्ता केला असेल, नाहीतर मनात काही असेल आणि आधी कन्फेशन करूनच घ्यायचं असं त्यांनी ठरवलं असेल. आणि इथे मी थांबले. कारण गंभीर पाप मनावर असेल तर आधी पापनिवेदन आणि मग कम्युनियन हाच तर चर्चचा नियम आहे, आणि वर्षातून निदान एकदा तरी पापनिवेदन करावं हे 1215 सालच्या चर्चच्या लॅटरन परिषदेपासून चालत आलंय, मी नऊ वर्षं गेले नव्हते आणि दर रविवारी पुढच्या बाकावरून उठून हात जोडून रांगेत जात होते, आणि जो माणूस निदान विचार करून बसून राहत होता त्याला मी नावं ठेवली. मुसळ म्हणजे काय ते मला त्या रात्री किचनच्या टेबलावर कळलं.

कुसळ-मुसळ आपण मराठीत इतकं सहज बोलतो की ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातही आहे हे कित्येकांच्या लक्षात येत नाही, मत्तयचा सातवा अध्याय उघडा. पण पाचव्या ओळीपर्यंत वाचा, बहुतेक लोक पहिल्या ओळीवर थांबतात आणि म्हणतात की बायबल सांगतं कोणाला काही बोलू नका. असं नाहीये ते. येशू म्हणतो आधी स्वतःचं मुसळ काढ, मग तुला नीट दिसेल आणि मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढता येईल. कुसळ काढायचंच आहे, डोळ्यात कुसळ असलेल्याला त्रास होत असतो, फक्त आंधळ्याने चिमटा घेऊन यायचं नाही. कसं बोलायचं तेही मत्तय 18 मध्ये आहे, आधी एकट्यात त्यालाच सांग, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. आपण बरोब्बर उलटं करतो, आधी मंडळीला सांगतो आणि त्याला शेवटी कळतं.

आणि एक गोष्ट अगदी ठासून सांगते कारण यावरून बायकांना गप्प बसवलेलं मी बघितलंय. दोष काढू नका याचा अर्थ अन्याय झाकून ठेवा असा नाही. घरात मारहाण होत असेल, कोणी लहान मुलाला त्रास देत असेल तर ते सांगणं हे चुगली नाही, पाप नाही, तिथे गप्प राहणं चूक आहे. पोलिसांना 112, मुलांसाठी 1098, फोन करा. क्षमा करणं म्हणजे मार खात त्याच घरात राहणं नाही, आणि कोणी चर्चचं नाव घेऊन तुम्हाला असं सांगत असेल तर ऐकू नका.

चर्चमध्ये गेल्यावर

बहुतेक ठिकाणी शनिवारी संध्याकाळच्या मिस्साच्या आधी फादर बसतात, पण प्रत्येक पॅरिशचं (त्या त्या भागाच्या चर्चचं) वेगळं असतं, ऑफिसला फोन करून विचारून घ्या. लेंटमध्ये एखाद्या संध्याकाळी बाहेरचे चार-पाच फादर बोलावून सगळ्यांचं कन्फेशन ठेवतात, ओळखीच्या फादरसमोर लाज वाटत असेल तर तो दिवस सोपा. ठाण्यात चर्च बरीच आहेत, पोखरण रोडला आहे, माजिवड्याला आहे, आपल्याच पॅरिशला गेलं पाहिजे असं काही नाही. मराठीत बोललं तरी चालतं, कोकणी बोलणारे कुमसार म्हणतात, कोणी इंग्लिशमध्ये करतं, फादरना कोणती भाषा येते ते आधी बघा म्हणजे झालं. जाळीमागून करा किंवा समोर बसून, तुमची मर्जी.

आत गेल्यावर क्रूसाची खूण करायची आणि साधं म्हणायचं, फादर मला आशीर्वाद द्या, मी पाप केलंय, माझं मागचं कन्फेशन नऊ वर्षांपूर्वी झालं. वर्षं आठवत नसतील तर "खूप वर्षं झाली, मला मदत करा" एवढं म्हणा, फादर स्वतःच विचारत विचारत पुढे नेतात. मोठी पापं असतील तर काय केलं आणि साधारण किती वेळा ते सांगायचं, कादंबरी सांगायची नाही. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही.

हे नाव न घेणं सोपं वाटतं पण मी तिथेच अडकले. मी सुरू केलं की फादर, एक गृहस्थ आहेत, ते कम्युनियनला कधी उठत नाहीत, तर मला वाटलं... आणि फादरनी हळूच थांबवलं. म्हणाले, "बेटा, त्यांचं ते सांगतील. तू तुझं सांग." मी परत सुरुवात केली आणि परत त्यांच्यावरच गेले, म्हणजे माझी चूक कशी समजण्यासारखी होती ते पटवत होते मी. तिसऱ्यांदा जमलं. "मला माहीत नसलेली गोष्ट मी सहा जणींना सांगितली, त्याने एका लहान मुलीला रडावं लागलं, आणि सांगताना मला बरं वाटत होतं." ते शेवटचं वाक्य मी घरी लिहिलेलं नव्हतं, ते तिथेच आलं. तुम्हीही हे करून बघा, प्रत्येक वाक्य "मी" पासून सुरू करा, नवरा, सासू, शेजारीण, ऑफिसातला साहेब यांच्यापासून वाक्य सुरू झालं की समजा आपण त्यांचं पापनिवेदन करतोय. बायबलमधल्या दावीद राजाचं असंच झालं होतं, नाथान संदेष्ट्याने त्याला गरिबाची एकुलती कोकरी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली तेव्हा राजा चिडून म्हणाला हा माणूस मेलाच पाहिजे, आणि नाथान म्हणाला तो माणूस तूच आहेस. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात बारावा अध्याय आहे, कन्फेशनच्या आदल्या दिवशी वाचा आणि मग स्तोत्र 51 वाचा, दावीदाचा तो पश्चात्ताप मानतात.

सांगून झालं की फादर थोडं बोलतात, प्रायश्चित्त देतात, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची, पाठ नसेल तर फोनमध्ये ठेवा किंवा आपल्या शब्दांत म्हणा, मग ते पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पापमुक्ती देतात. एखादं पाप खरंच विसरलात तर तेही माफ झालं, मोठं असेल तर पुढच्या वेळी सांगा. फादर हे कोणालाही सांगू शकत नाहीत, पोलिसांना नाही, बिशपना नाही, जीव गेला तरी नाही, गुपित थेट फोडलं तर त्या क्षणी आपोआप बहिष्कृत होतात, इतकं कडक आहे.

फादर कडक बोलले तर? होतं असं. लहानपणी एका ठिकाणी मला असं काही झापलं होतं की मी रडत बाहेर आले होते आणि नऊ वर्षं न जाण्यामागे तेही थोडं होतंच. दुसऱ्या फादरकडे जा. एका माणसाच्या आवाजावरून देवाचा स्वभाव ठरवू नका. आणि ज्यांना उलटा त्रास आहे, म्हणजे तेच पाप पुन्हा पुन्हा सांगूनही माफ झालं नाही असं वाटत राहतं, त्यांनी एकच फादर धरावा आणि ते जेवढं सांगतील तेवढंच करावं.

प्रोटेस्टंट मित्रमैत्रिणी विचारतात की मधे फादर कशाला, योहानाच्या पहिल्या पत्रात तर सरळ आहे की आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वासू आहे, क्षमा करेल. बरोबर आहे, त्यांच्याकडे रविवारी उपासनेत सगळे मिळून पापांगीकार करतात. पण याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा असंही आहे, तेव्हा तुम्ही त्या परंपरेतले असाल तर एखादा पोक्त, तोंड बंद ठेवणारा माणूस शोधा आणि मोठ्याने सांगा. मोठ्याने सांगण्यात काहीतरी आहे, मनात आपण स्वतःला फार लवकर सोडून देतो.

दया म्हणजे किती

हे मी मुलांना शिकवायचे तेव्हा हिशोब करून दाखवायचे. मत्तय 18 मधल्या चाकराला धन्याचे दहा हजार तालांत (टॅलेंट म्हणतात इंग्लिशमध्ये) द्यायचे होते, आणि दुसऱ्या चाकराकडून त्याला शंभर दिनार यायचे होते. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, एका तालांतात साधारण सहा हजार दिनार. आपल्या नाक्यावरच्या मजुराची रोजी 800 रुपये धरा, म्हणजे धन्याने माफ केले 4,800 कोटी आणि हा पुढच्या मिनिटाला गळा धरतोय 80 हजारांसाठी. मुलं हसायची. पण एका मुलाने विचारलं होतं, टीचर, 80 हजार पण काय कमी नाहीत ना? आणि तो बरोबर होता, मला ते आधी दिसलंच नव्हतं. येशूने दोन दिनार नाही म्हटलेलं, शंभर म्हटलंय, तीन महिन्यांची कमाई. लोकांनी आपल्याला दुखावलेलं असतं ते खरं असतं, छोटं नसतं, "जाऊ दे गं, एवढं काय" म्हणजे क्षमा नाही. क्षमा म्हणजे 80 हजार पूर्ण मोजून, मग सोडणं, कारण आपल्या नावावरचे 4,800 कोटी कोणीतरी सोडलेत.

हिब्रू भाषेत दयेसाठी रहमीम असा एक शब्द आहे आणि तो रेहेम, म्हणजे आईचं गर्भाशय, त्याच्याशी जोडलेला आहे. दया म्हटलं की आपल्याला वरच्या खुर्चीतला न्यायाधीश आठवतो, पण हा शब्द पोटातून येणारी माया सांगतो. हे समजल्यावर मला गुडघे टेकायला कमी भीती वाटते.

इजिप्तच्या वाळवंटात चौथ्या शतकात मोशे नावाचे एक संत होते, आधी दरोडेखोर होते, मग साधू झाले. एका भावाची चूक झाली आणि त्याचा न्याय करायला सगळे जमले, मोशेंना बोलावणं गेलं, ते येईनात, शेवटी आले तर गळकं भांडं भरून पाठीवर घेऊन, मागे पाण्याची धार. विचारलं हे काय तर म्हणाले, माझी पापं माझ्या मागे सांडत चाललीत, मला ती दिसत नाहीत आणि मी आज दुसऱ्याचा न्याय करायला आलोय. त्या भावाला कोणी काही बोललं नाही.

बाहेर आल्यावर राहिलेलं काम

पाप माफ होतं पण केलेलं नुकसान आपोआप भरून निघत नाही, कोणाचं नाव खराब केलं असेल तर ते होईल तेवढं भरून द्यायचं असतं, हेही कॅटेकिझमच्या 2487 मध्ये आहे. मला प्रायश्चित्त प्रार्थनेचं मिळालं आणि शिवाय फादरनी सांगितलं की ज्यांना सांगितलंस त्यांना फोन कर. सहा फोन. मेसेज नाही, फोन. काय बोलायचं ते छोटं ठेवा, "मी त्या दिवशी जे बोलले ते मला माहीत नव्हतं, मी मनाने म्हटलं, ते चूक होतं, तू कोणाला सांगितलं असशील तर त्यांनाही सांग." कारणं देऊ नका, आणि ती गोष्ट पुन्हा रंगवून सांगू नका, नाहीतर माफी मागता मागता परत चुगली होते. दोघी म्हणाल्या अगं विसरलो आम्ही, एकीने विचारलं म्हणजे मग खरं काय आहे, तिला म्हटलं मला माहीत नाही आणि आपल्याला माहीत असायची गरज पण नाही. एक आजही माझ्याशी नीट बोलत नाही, ते मला सोसायचंय.

ज्याच्याबद्दल बोललो त्याला सांगायचं का? त्याला काही माहीतच नसेल तर सांगून फक्त आपलं ओझं त्याच्या डोक्यावर जातं, आधी फादरना विचारा. माझ्या बाबतीत त्यांच्या घरापर्यंत गेलेलंच होतं म्हणून मी गेले. त्यांच्या बायकोने दार उघडलं, मी दारातच बोलले, रडायचं नाही असं ठरवलं होतं कारण मी रडले की त्यांनाच मला समजवावं लागलं असतं. गृहस्थ आतून आले, ऐकून घेतलं, म्हणाले ठीक आहे, पाणी घ्या. मुलीला बोलवू का विचारलं, मी म्हटलं ती म्हणेल तर. ती नाही आली. ते का उठत नाहीत हे मला आजही माहीत नाही.

मागच्या लेंटमध्ये एका रविवारी मी स्वतः बसून राहिले. त्या आठवड्यात घरातल्याच एका माणसाबद्दल फोनवर नको ते बोलले होते आणि शनिवारी जायला जमलं नव्हतं. कम्युनियनची रांग सुरू झाली, शेजारची आंटी मला वाट द्यायला पाय आखडून थांबली, मी मान हलवली, ती एकदा माझ्याकडे बघून पुढे गेली, मग मागच्या चार जणी माझ्या गुडघ्यांवरून पलीकडे गेल्या. मिस्सा संपल्यावर सॅक्रिस्टीच्या (फादर तयार होतात त्या खोलीच्या) दाराशी फादरना गाठलं आणि विचारलं पाच मिनिटं आहेत का. त्यांनी घड्याळ बघितलं, पुढच्या मिस्साची माणसं यायला लागली होती, आणि आत जाऊन कन्फेशनला गळ्यात घालतात तो जांभळा स्टोल घेऊन आले.